लाइट गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

आपल्या बोलण्यात वीज गेली की 'लाइट गेली' आणि विजेचं बिल आलं की 'लाइट बिल आलं'. मिक्सर जळाला तर 'करंट जास्त आला', बल्ब मिणमिणला तर 'करंट कमी आहे', टेस्टर पेटला नाही तर 'करंटच नाही', आणि हात लागला तर 'करंट बसला'. या चार वाक्यांपैकी फक्त शेवटच्या वाक्यात करंट हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने आला आहे. बाकीच्या तीन ठिकाणी आपण व्होल्टेजबद्दल बोलत असतो.

गावाकडे या सरमिसळीने काही बिघडत नव्हतं. कोपऱ्यावर वायरमन असायचा, त्याला 'बघ रे काय झालंय' म्हटलं की पुरायचं. अमेरिकेत तसं होत नाही. इथली घरातली वीज वेगळ्या दाबाची आणि वेगळ्या वारंवारितेची, तारांचे रंग वेगळे आणि शब्दही वेगळे. इलेक्ट्रिशियनला फोनवर तक्रार नीट सांगता आली नाही तर नुसतं येऊन बघण्याचेही पैसे बरेचदा द्यावे लागतात. वर भारतातून आणलेला मिक्सर, भारतात न्यायचा कुकर आणि मुलांचे शाळेतले प्रकल्प आहेतच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की विजेचे सहा-सात शब्द आपण प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावेत, आणि समजून घेताना शाळेत जड वाटलेले मराठी शब्द मुद्दाम हाताशी ठेवावेत. ते शुद्ध आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. त्यातले बरेचसे शब्द आपलं काम आपल्या तोंडाने सांगतात, हे माझं कारण आहे. बघा पटतं का.

विभवांतर : शब्दातच धडा आहे

'व्होल्टेज' हा शब्द व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून आला. त्याचा अर्थ नुसत्या शब्दावरून कोणालाही कळणार नाही. 'विभवांतर' मात्र सांगतो की हे अंतर आहे, म्हणजे दोन ठिकाणांमधला फरक. एकाच ठिकाणाला व्होल्टेज नसतं, ते नेहमी दोन ठिकाणांच्या मध्ये मोजायचं असतं.

हे कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का का बसत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि दोन पायांमध्ये विभवांतर जवळजवळ शून्य असतं. तुमच्या घराचंही असंच आहे. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडून तीन तारा येतात. दोन 'हॉट' आणि मधला एक न्यूट्रल. कोणताही एक हॉट आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट मिळतात. दोन हॉटच्या मध्ये २४० मिळतात, आणि त्यावर तुमचा कपडे वाळवायचा ड्रायर आणि विजेची शेगडी चालते. तारा त्याच, फक्त कोणत्या दोन निवडल्या त्यावर आकडा बदलतो. 'अमेरिकेत २४० व्होल्ट नसतात' असं जे सर्रास सांगितलं जातं ते म्हणूनच चूक आहे.

याच गोष्टीला आपल्याकडे 'दाब' असाही शब्द आहे. मराठी विश्वकोशात 'विद्युत् दाब' लिहितात आणि महावितरणच्या कागदांवर 'उच्चदाब' व 'लघुदाब' ग्राहक असतात. नळाच्या पाण्याची उपमा द्यायची असेल तेव्हा दाब हा शब्द चांगला, आणि नेमकं बोलायचं असेल तेव्हा विभवांतर. दोन्ही ठेवावेत.

जाता जाता एक खुलासा. इथल्या उपकरणांवर ११०, ११५, १२० किंवा १२५ असे वेगवेगळे आकडे दिसतात आणि लोक गोंधळतात. ही सगळी एकाच पुरवठ्याची नावं आहेत. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते सुमारे ११० व्होल्टचं होतं. तो आकडा तोंडात राहिला, पुरवठा पुढे १२० झाला.

धारा, रोध आणि वॉट

करंट म्हणजे धारा. तारेतून दर सेकंदाला किती विद्युतभार वाहतो ते धारा सांगते. ती अँपिअरमध्ये मोजतात. दाब असला तरी वाट नसेल तर धारा शून्य. भिंतीतल्या रिकाम्या प्लग पॉइंटमध्ये १२० व्होल्ट असतात, पण काही जोडेपर्यंत धारा नसते.

वाटेतला अडथळा म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. तिघांचं नातं सोपं आहे. विभवांतराला रोधाने भागलं की धारा मिळते. हे सूत्र कोरडं वाटत असेल तर आपल्या शरीराला लावून बघा. कोरड्या हाताच्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. हात ओले झाले की तो हजाराच्या आसपास उतरू शकतो. १२० भागिले १००० म्हणजे ०.१२ अँपिअर, अर्थात १२० मिलिअँपिअर. सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात, १० ते २० ला पकडलेली तार सोडता येत नाही आणि १०० च्या आसपासची धारा छातीतून गेली तर हृदयाचा ठोका बिघडून जीव जाऊ शकतो. 'इथे काय, १२० च तर व्होल्ट आहेत' असं म्हणणाऱ्याला हा भागाकार दाखवावा.

दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, ती वॉटमध्ये. इथल्या स्वयंपाकघरात हा गुणाकार रोज कामाला येतो. ओट्याजवळचं सर्किट साधारण २० अँपिअरचं असतं. १२० गुणिले २०, म्हणजे २४०० वॉटची मर्यादा. केटल १५०० वॉटची. टोस्टर हजाराच्या आसपास. दोन्ही एकाच सर्किटवर एकदम लावले की २५०० झाले, आणि कोणी मायक्रोवेव्हही त्याच सर्किटवर सुरू केला की ब्रेकर पडलाच. ब्रेकर 'खराब' नसतो, तो बेरीज करतो. केटल आणि हीटर इथे १५०० वॉटवर का थांबतात याचंही उत्तर यात आहे. घरातली इतर सर्किटं बरेचदा १५ अँपिअरची, म्हणजे १८०० वॉटची असतात, त्यांच्यावर ती चालली पाहिजेत.

आणि वॉट गुणिले तास म्हणजे ऊर्जा. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की आपल्या 'लाइट बिला'वरचं एक युनिट. इथल्या बिलावर त्यालाच किलोवॉट-तास म्हणतात. १५०० वॉटचा हीटर रात्रभर, आठ तास सतत चालला तर १२ युनिटं. वॉट ही दर सेकंदाची गोष्ट आहे आणि युनिट ही साठत जाणारी. वेग आणि कापलेलं अंतर यात जो फरक, तोच इथे.

मिक्सर

आता आपल्या लाडक्या विषयाकडे वळू. भारतातला मिक्सर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. तो इथे १२० व्होल्टला जोडला तर कुरकुरतो आणि चटणी होत नाही. दाब निम्म्याच्या जवळ आला की शक्ती निम्मी होत नाही, कारण धाराही कमी होते. हीटरसारख्या साध्या उपकरणात ती जवळजवळ चतुर्थांशावर येते.

उलटा प्रवास जास्त धोक्याचा. इथला १२० व्होल्टचा इलेक्ट्रिक कुकर प्रेमाने आईसाठी नेला आणि नुसती पिन बदलून २३० ला लावला, तर त्याच्या तापणाऱ्या तारेत साडेतीन पटीहून जास्त शक्ती जाऊ पाहते. काही क्षणांत खेळ खलास.

यावर लोक 'अ‍ॅडाप्टर लाव' म्हणतात, आणि इथे शब्द घात करतो. अ‍ॅडाप्टर नावाने जे तीन-चार डॉलरला मिळतं ते फक्त पिनांचा आकार बदलतं, दाबाला हातही लावत नाही. दाब बदलायला ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याला मराठीत 'रोहित्र' म्हणतात, आणि गावाकडे 'डीपी जळाली' म्हणतात तेव्हा बहुधा तोच जळालेला असतो. ७५० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टला सव्वातीन अँपिअर घेतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर भिंतीतून, १२० व्होल्टला, सव्वासहा अँपिअरपेक्षा थोडी जास्तच धारा ओढतो. सुरू होताना मोटर काही क्षण याच्या कितीतरी पट मागते, म्हणून ट्रान्सफॉर्मर ७५० चा घेऊन भागत नाही, दुप्पट तरी घ्यावा.

तरी एक गोष्ट ट्रान्सफॉर्मर बदलत नाही, ती म्हणजे वारंवारिता. भारतात वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, इथे ६० वेळा. मिक्सरमध्ये कार्बन ब्रशवाली मोटर असते, तिला याचं फारसं काही वाटत नाही. पण छताच्या पंख्यासारख्या यंत्रांत इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग वारंवारितेवर ठरतो. अशी यंत्रं उचलून आणू नयेत. खरं सांगायचं तर मिक्सरसुद्धा आणू नये असं माझं मत आहे. ११० व्होल्टचे आपल्या पद्धतीचे मिक्सर इथे मिळतात आणि ट्रान्सफॉर्मरचं धूड ओट्यावर ठेवावं लागत नाही.

फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरची मात्र काळजी नको. त्यावर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. ते वाचलं की नुसती पिन बदलून चालतं. उपकरणावरची ती चिठ्ठी वाचायला शिकणं, एवढं जरी या लेखातून घेतलंत तरी पुष्कळ झालं.

काळी तार

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भारतातल्या घरांत वर्षानुवर्षं लाल तार म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग, असं आपण बघत आलो. अमेरिकेत न्यूट्रल पांढरी असते, ग्राउंड हिरवी किंवा उघडी तांब्याची, आणि काळी तार असते हॉट. जी काळी तार तिकडे बिनधोक समजली जायची, तीच इथे जिवंत असते. तिकडे स्वतः पंखा दुरुस्त करणाऱ्या, हात चांगला असणाऱ्या माणसालाच यात जास्त धोका आहे, कारण त्याची सवय पक्की झालेली असते.

पांढऱ्या तारेवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. काही जुन्या स्विचच्या जोडणीत पांढरी तार हॉट म्हणून वापरलेली असते. रंग हा संकेत आहे, पुरावा नाही. ब्रेकर बंद करा, टेस्टरने तपासा, आणि मीटरच्या पॅनेलचं काम परवानाधारक माणसालाच द्या.

शब्दांची जोडी पाठ करा. आपला फेज तो इथला हॉट, आपलं अर्थिंग ते इथलं ग्राउंड, न्यूट्रल दोन्हीकडे न्यूट्रल. इथल्या दोन पात्यांच्या प्लगमध्ये एक पातं रुंद दिसतं ते न्यूट्रलचं, आणि तिसरी गोल पिन ग्राउंडची. ती कापून टाकून प्लग बसवणारे महाभाग सगळीकडे असतात. तसं करू नका.

सिंकजवळच्या प्लग पॉइंटवर 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणं असतात. याला जीएफसीआय म्हणतात, आणि बर्कलीच्या चार्ल्स डालझिएल यांनी तो १९६१ मध्ये शोधला. तो जमाखर्च बघतो. हॉटमधून जेवढी धारा गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. सुमारे ५ मिलिअँपिअरची तूट दिसली की ती कोणाच्या तरी शरीरातून जमिनीत जात असेल असं समजून तो वीज तोडतो. साध्या ब्रेकरला हे जमत नाही. तो २० अँपिअरच्या पुढे जागा होतो, आणि माणूस ०.१ अँपिअरने जाऊ शकतो. ब्रेकर भिंतीतल्या तारा वाचवतो, जीएफसीआय माणूस वाचवतो. महिन्यातून एकदा 'टेस्ट' दाबून बघा.

मुलांचा आकाशकंदील

इथवर सगळी भिंतीतली वीज झाली. इलेक्ट्रॉनिक्स सुरू होतं ते लहान दाबाच्या एकदिश विजेवर, म्हणजे डीसीवर. मुलांसाठी दिवाळीचा कंदील हा उत्तम पहिला धडा आहे. एक ९ व्होल्टची बॅटरी, एक पांढरा एलईडी आणि एक रोधक एवढं घ्या. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात, उरले ६. धारा १५ मिलिअँपिअरच्या आत ठेवायची आहे. ६ भागिले ०.०१५ म्हणजे ४०० ओहम. दुकानात ४७० चा रोधक सहज मिळतो, तो लावा, सुमारे १३ मिलिअँपिअर मिळतील. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक टोकाच्या बाजूला. रोधक न लावता जोडलं तर एलईडी जळतो, आणि रोध म्हणजे काय हे मूल कधी विसरत नाही.

याच कंदिलावर आणखी तीन शब्द शिकवता येतात. एलईडी हा डायोड आहे, धारेला एकाच दिशेने जाऊ देणारा. तो अर्धवाहकाचा बनतो, म्हणजे तांब्याइतका वाहक नाही आणि काचेइतका विसंवाहकही नाही असा पदार्थ. आणि कंदील विझल्यावर हळूहळू मंदावा असं वाटत असेल तर एक धारित्र जोडा, विद्युतभार साठवून ठेवणारं. रोधक रोधतो, वाहक वाहतो, धारित्र धरून ठेवतं. इंग्रजी शब्दांची अशी फोड मराठी मुलाला करून दाखवता येत नाही.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात, मग बाण उलटा का काढतात? त्याचं उत्तर इथलंच आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये फिलाडेल्फियात धन आणि ऋण ही नावं वापरली, तेव्हा नेमकं काय वाहतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये सापडला आणि ऋण निघाला. तोवर सगळी सूत्रं आणि आकृत्या रूढ झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

मग मराठी शब्दांचा हट्ट कशाला?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मुलं इंग्रजीत शिकतात, त्यांना 'विभवांतर' सांगून काय मिळणार? तुम्ही स्वतः प्रयोग करून बघा. मुलाला विचारा, व्होल्टेज एका ठिकाणी मोजता येईल का? मग त्याला सांगा की आपल्या भाषेत या गोष्टीच्या नावातच 'अंतर' आहे. एक शब्द कमी-जास्त शिकण्यापेक्षा ही समजूत मोठी आहे. शिवाय आजी-आजोबांना फोनवर प्रकल्प सांगताना त्याला शब्द सापडतात, ही कमाई वेगळी.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. परिभाषेतले सगळे शब्द काही चांगले नाहीत. 'प्रत्यावर्ती धारा' म्हणताना जीभ अडखळते, एसी बरा. डायोड, ट्रान्झिस्टर, प्लग, होल्डर, फ्यूज हे शब्द आपलेच झाले आहेत, त्यांना हाकलायचं कारण नाही. फ्यूजला 'वितळतार' म्हणणारा मला अजून भेटला नाही, जरी त्या शब्दात फ्यूजचं सगळं काम सांगितलेलं असलं तरी. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॉट, हर्ट्झ ही तर माणसांची नावं आहेत. नावांचं भाषांतर करू नये.

माझी वाटणी अशी आहे. एककं आणि बाजारातल्या वस्तू जशा बोलल्या जातात तशा ठेवाव्यात. पण ज्या राशी आपण मोजतो त्यांची मराठी नावं समजावताना एकदा तरी उच्चारावीत: विभवांतर, धारा, रोध, शक्ती, ऊर्जा, वारंवारिता. पुढे रोजच्या बोलण्यात करंट म्हणा, हरकत नाही, पण करंट म्हणाल तेव्हा धाराच म्हणायचं असू द्या.

इथे गावोगावी रविवारच्या मराठी शाळा भरतात. तिथे गोष्टी, गाणी आणि सण शिकवले जातात, ते छानच आहे. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी तिथे हा कंदीलाचा तास घ्यावा अशी माझी सूचना आहे. वीस मुलांना पुरेल एवढं सामान फार महाग नाही आणि ९ व्होल्टच्या बॅटरीने धक्का बसत नाही. पालकांपैकी निम्मे तरी इंजिनिअर असतात, शिकवायला माणसं शोधावी लागणार नाहीत. आणि मुलं कंदील करत असताना पालकांनी काळ्या तारेची गोष्ट आपापसांत करून घ्यावी, कारण ती माहिती मुलांपेक्षा मोठ्यांनाच लवकर लागणार आहे.